१३बी रोटरी तापत असेल तर आधी काय पाहावे

घरी बांधलेल्या विमानात माझदाचे १३बी हे रोटरी (पिस्टनऐवजी फिरणारे त्रिकोणी रोटर असलेले) इंजिन बसवून जमिनीवरील चाचण्या सुरू केल्या आणि तापमान चढू लागले, की बहुतेक नवखे मोठ्या रेडिएटरच्या शोधाला लागतात. तुम्ही ती घाई करू नये. या इंजिनाचे रोटर आतून तेलानेच थंड होतात आणि शीतन यंत्रणेने बाहेर टाकायच्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भाग तेलाच्या वाट्याला येतो, म्हणून ऑइल कूलरला दुय्यम समजणे महागात पडते. कूलंटच्या मार्गात सर्वांत उंच जागी हवा बाहेर पडण्याची सोय आहे ना, हे प्रथम पाहावे. त्यानंतर डक्टकडे, म्हणजे रेडिएटरमधून हवा नेणाऱ्या बंदिस्त मार्गाकडे, वळावे: रेडिएटरच्या कडेच्या फटींतून निसटणारी हवा काहीच थंड करत नाही, आणि बाहेर पडण्याचा मार्ग अरुंद असेल तर पुढचे तोंड कितीही मोठे केले तरी उपयोग होत नाही. पाणी भरलेल्या साध्या यू-नळीने रेडिएटरच्या पुढचा व मागचा दाब मोजला, तर तर्क लढवत बसावे लागत नाही.

इंजिन अडखळत असेल तर लीडिंग आणि ट्रेलिंग इग्निशन (प्रत्येक रोटरसाठीच्या दोन स्पार्क प्लगपैकी अनुक्रमे मुख्य आणि सहायक प्लगची ठिणगी यंत्रणा) आळीपाळीने बंद करून पाहावे. ट्रेलिंग बंद केल्यावर इंजिनाचे फेरे किंचितच घटतात, लीडिंग बंद केल्यावर मात्र जास्त घटायला हवेत. लीडिंग बंद केल्यावरही तेवढाच फरक पडला, तर दोष बहुधा लीडिंगच्या कॉइलमध्ये, वायरिंगमध्ये किंवा प्लगमध्ये असतो. एक्झॉस्ट अतिशय तप्त असतो. मोटारीचा साधा मफलर तेथे बसवण्याचा मोह (स्वस्त असला तरी) टाळावा आणि इंधनाच्या नळ्या त्यापासून दूर, उष्णतारोधक आवरणात ठेवाव्यात.