सुट्टीतल्या नोकरीत टॅक्स कापला, आता काय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय १९. २०२५ च्या मे आणि जूनमध्ये त्याने पुण्यात एका इव्हेंट कंपनीत काम केलं. महिना २८,००० ठरले होते पण हातात २५,०००च आले. स्लिपवर टीडीएस (पैसे देतानाच कापलेला इन्कम टॅक्स) २,८०० आणि प्रोफेशन टॅक्स २०० असं लिहिलंय. वर्षभरात त्याची दुसरी काही कमाई नाही. कंपनीवाले म्हणतात नियमाप्रमाणे कापलंय, आता काही होणार नाही. खरंय का? आणि त्याची कमाई माझ्या उत्पन्नात धरणार का?
(एक वाचक, चिंचवड)

उत्तर : अजिबात खरं नाही. दोन महिन्यांचे मिळून ५,६०० रुपये टीडीएसमध्ये गेलेत, ते परत मिळतात आणि मिळवायलाच हवेत, पोराची पहिली कमाई आहे ती. त्याचं वर्षाचं उत्पन्न झालं ५६,००० आणि २०२५-२६ साठी नव्या रेजिममध्ये (टॅक्स मोजायच्या नव्या पद्धतीत) ४ लाखांपर्यंत टॅक्सच नाहीये, जुनी रेजिम धरली तरी अडीच लाखांपर्यंत नाही, म्हणजे सरकारचं त्याच्याकडे एक रुपयाही येणं निघत नाही.

मग कापला कसा? पगार असेल तर इन्कम टॅक्स कायद्याचं कलम १९२ लागतं, त्यात मालकाने वर्षभराच्या पगाराचा अंदाज काढून त्यावर टॅक्स बसत असेल तरच कापायचा असतो, सरसकट दहा टक्के असा काही प्रकार तिथे नाही. त्यामुळे स्लिपवर बरोब्बर दहा टक्के दिसले की समजायचं, कंपनीने मुलाला नोकर न धरता बाहेरचा माणूस धरलंय आणि पैसे फी म्हणून कलम १९४जे खाली दाखवलेत. तिथे वर्षाला ५०,००० च्या वर गेलं की पूर्ण रकमेवर दहा टक्के (१ एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ३०,००० होती).

आता तीच स्लिप परत नीट बघा. त्यावर पीटीचे (प्रोफेशन टॅक्सचे) २०० पण आहेत! पीटी कंपनी कापते ती आपल्या पगारी माणसांची, महाराष्ट्रात पुरुषांना महिना १०,००० च्या वर पगार असला की २०० (फेब्रुवारीत ३००). म्हणजे एका ओळीत तो नोकर आणि खालच्या ओळीत तो फ्रीलान्सर, असं दोन्ही एकदम कसं चालेल? मला हे फार खटकतं, कारण फी दाखवली की पीएफ-ईएसआयची (भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विम्याची) भानगड राहत नाही, कंपनीला सोपं पडतं, आणि सुट्टीत आलेली पोरं भिडेपोटी काही विचारत नाहीत. मुलाला सांगा, एचआरला एक साधा मेल टाक, माझा टीडीएस कुठल्या कलमाखाली कापला ते कळवा आणि फॉर्म १६ए (टीडीएस कापल्याचा दाखला) पाठवा. एप्रिल ते जूनच्या टीडीएसचा १६ए १५ ऑगस्ट २०२५ पर्यंतच द्यायला हवा होता, त्यामुळे मागायला लाजायचं काही कारण नाही.

मेलचं उत्तर येईपर्यंत थांबू नका. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर मुलाच्या पॅनने रजिस्टर करा आणि २६एएस (पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा तक्ता) उघडा, एआयएस (वर्षभराच्या उत्पन्नाचा, व्यवहारांचा तपशील) पण बघा. तिथे कंपनीचं नाव, कलम, रक्कम सगळं दिसतं. ५,६०० दिसले तर निम्मं काम झालं. आता रिटर्न भरायचं, कारण उत्पन्न मर्यादेच्या आत असलं तरी रिटर्न भरल्याशिवाय रिफंड येत नाही, आपोआप कोणी पाठवत नाही, आणि बहुतेक घरांत पैसे इथेच सुटतात. कलम १९२ असेल तर रिटर्नचा साधा फॉर्म, आयटीआर-१, पुरतो. १९४जे असेल तर ते उत्पन्न सहसा धंदा-व्यवसायात दाखवावं लागतं, मग आयटीआर-१ चालत नाही, ३ किंवा ४ बघावा लागतो, तेवढ्यापुरतं एकदा ओळखीच्या सीएला विचारा. जुलै संपायच्या आत भरून टाका. बँक खातं मुलाच्याच नावाचं हवं, पॅनवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळायला हवं आणि पोर्टलवर ते खातं व्हॅलिडेट केलेलं हवं, नाहीतर रिफंड मंजूर होऊनही अडकतो. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा, हे विसरलं की सगळं मुसळ केरात. वेळेत भरलं तर रिफंडवर महिन्याला अर्धा टक्का व्याज पण मिळतं.

२६एएसमध्ये काहीच नसेल तर कंपनीने एकतर पैसे भरले नाहीत किंवा पॅन चुकीचा टाकलाय. पॅन चुकला असेल तर कंपनीने टीडीएसचं दुरुस्ती स्टेटमेंट भरायचं. कापून भरलेच नसतील तर तो टॅक्स परत मुलाकडे मागता येत नाही, कलम २०५ तसं स्पष्ट सांगतं, पण त्यासाठी कापल्याचा पुरावा लागतो, म्हणून स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट जपून ठेवा.

पीटीचे ४०० मात्र या रिटर्नमधून येणार नाहीत, तो राज्य सरकारचा कर आहे. आणि मुलगा १८ च्या वरचा आहे, त्याची कमाई त्याचीच, तुमच्या उत्पन्नात येत नाही.

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची आहे. या मे महिन्यात तिने एका समर कॅम्पमध्ये लहान मुलांना चित्रकला शिकवली. १८,००० ठरले होते, पॅन नाही म्हणून ३,६०० कापून घेतले. हे बरोबर आहे का?
(एक आई, कोल्हापूर)

उत्तर : नाही ताई, चूक आहे. पॅन नसेल तर २० टक्के हा नियम खरा आहे पण तो मुळात टीडीएस लागू असेल तिथेच. पगार म्हणा नाहीतर फी म्हणा, १८,००० वर टीडीएस बसतच नाही, मग वीस टक्के कशाचे? आयोजकांना आत्ताच गाठा. हे पैसे एप्रिल-जून तिमाहीतले, त्या तिमाहीचं टीडीएसचं स्टेटमेंट ३१ जुलैपर्यंत जातं, त्यामुळे ते भरायच्या आधी बोललात तर सरळ तिला परत देऊन मोकळे होऊ शकतात. भरून झाले असतील तर तिचा पॅन काढा (अल्पवयीन मुलांचा पण निघतो, अर्ज आईवडिलांनी करायचा) आणि त्यांच्याकडून स्टेटमेंट दुरुस्त करून घ्या, मग पुढच्या वर्षी तिच्या वतीने तुम्ही रिटर्न भरून रिफंड मागायचा. अल्पवयीन मुलांचं उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवतात असं कोणी घाबरवेल, पण स्वतःच्या मेहनतीची किंवा कलेची कमाई त्यातून वगळलेली आहे, आणि चित्रकला शिकवणं म्हणजे तेच की. तिचे पैसे तिच्याच खात्यात जाऊ द्या.

आणि हो, एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, त्यात कलमांचे नंबर बदललेत, म्हणून यंदाच्या कागदांवर १९२, १९४जे दिसले नाहीत तर गोंधळू नका.

प्रश्न : फॉर्म १५जी भरून दिला तर पगारातून टीडीएस कापणार नाहीत ना?
(एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : असं सगळे सांगतात पण १५जी (माझ्या उत्पन्नावर टॅक्स बसत नाही असं लिहून द्यायचा फॉर्म) व्याज वगैरेसाठी होता, एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी फॉर्म १२१ आलाय. बँकेत एफडी असेल तर तो द्या. पगार, कंत्राट, व्यावसायिक फी यांना तो चालत नाही. त्यापेक्षा जॉइन होतानाच पॅन द्या आणि वर्षभरात दुसरं उत्पन्न नाही, मला पगारावर घ्या असं लेखी मागा.

प्रश्न : मी मार्चमध्ये कामाला लागले, मेअखेर सोडलं. पगार १९,०००, दर महिन्याला पीटी २०० कापली. रिटर्न एकच भरायचं ना?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : मार्चचा पगार एका आर्थिक वर्षात, एप्रिल-मेचा पुढच्या, त्यामुळे टीडीएस दोन्हीकडे कापला असेल तर रिटर्न पण दोन. पण तुमचं खरं दुखणं पीटी आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर पीटी नाही. १९,००० वर एक पैसासुद्धा कापायचा नव्हता. पेरोल सॉफ्टवेअरमध्ये जेंडरचा रकाना चुकीचा भरला की असं होतं, तुमच्याबरोबर आणखी मुली कामाला असतील तर त्यांच्या स्लिपा पण बघा, आणि सगळ्यांनी मिळून ६००-६०० रुपये मालकाकडेच लेखी मागा.