मिनिमम ड्यू दर महिन्याला भरतोय, तरी कार्डाचं कर्ज का उतरत नाही?

"काकू, मी एक महिनाही चुकवला नाही, तरी तीन वर्षांत रक्कम वाढलीच, असं कसं होतं?" क्रेडिट कार्डाचा मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरावीच लागणारी रक्कम, तेवढीच भरत राहणाऱ्यांकडून हा प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो. मी बँकेतून रिटायर झाले आणि आता शनिवारी दुपारी बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या घरीच कर्जात अडकलेल्यांशी बोलते, फी घेत नाही. त्यातलीच एक केस लिहितेय, दोघा नवरा-बायकोला विचारून आणि नाव न घेता.

चाळिशीच्या आतला मुलगा, मकरपुरा जीआयडीसीत नोकरी, हातात ३८,००० येतात. पहिल्यांदा आला तेव्हा फोन टेबलावर उपडा ठेवला, तो सारखा थरथरायचा आणि हा दर वेळी त्याच्यावर तळहात दाबून धरायचा. तासाभरात एकदाही उचलला नाही. बायकोला सांगितलं होतं की ऑफिसचे फोन आहेत.

कर्ज कशाचं, तर वडिलांची अँजिओप्लास्टी. मेडिक्लेम नव्हता, रात्री बारा वाजता डिपॉझिट भरायचं होतं, कार्ड दिलं. मग मुलीची फी, नवरात्रात चणियाचोळी, फ्रिज बंद पडला तो, असं चढत गेलं आणि एकाची तीन कार्डं झाली. लोक लगेच अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण वडिलांच्या छातीत कळ आली त्या रात्री अंथरूण मोजायला वेळ कुणाला होता, त्यामुळे मी ते वाक्य कुणालाच ऐकवत नाही.

पुढच्या शनिवारी त्याला तिन्ही कार्डांची स्टेटमेंटं प्रिंट करून आणायला लावली. १,४२,०००, ८८,००० आणि ५५,०००, म्हणजे एकूण २,८५,०००. हा आकडा त्याने स्वतः कधी बेरीज करून बघितलाच नव्हता! मग वही काढली. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. लाखावर महिन्याला ३,५०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३०, झाले ४,१३०. मिनिमम ड्यू त्याच्या कार्डांवर ५ टक्के, म्हणजे ५,०००. पाच हजार भरले तर मुद्दलातून गेले फक्त ८७०. तिन्ही कार्डं मिळून तो महिन्याला १४,२५० भरायचा, त्यातले साधारण ११,७७० व्याज-जीएसटीतच जायचे, उरलेल्या अडीच हजारांनी कर्ज उतरायचं आणि त्याच महिन्यात सहा-सात हजारांचा किराणा-पेट्रोल परत कार्डावर, कारण पगार तर मिनिमम भरण्यात संपलेला.

आणि त्याला वाटत होतं की नव्या खरेदीवर पंचेचाळीस-पन्नास दिवस व्याज लागत नाही. अरे, ती सवलत मागचं बिल पूर्ण भरलं तरच असते, थोडंही मागे राहिलं की नव्या साखरेच्या पुड्यावरही त्या दिवसापासून व्याज सुरू. स्टेटमेंटवरची एक ओळ मी त्याला मोठ्याने वाचायला लावली, नुसतं मिनिमम भरत राहिलात तर परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि चक्रवाढ व्याज लागेल, अशा अर्थाची. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ती छापावीच लागते. तीन वर्षं ती ओळ त्याच्या मेलमध्ये येऊन पडत होती. वाचून झाल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

मधल्या काळात याची टोपी त्याच्या डोक्यावर हा खेळही झाला होता. एका दुकानदाराकडे एक कार्ड स्वाइप करायचं, तो अडीच टक्के कापून रोख देणार, त्यातून दुसऱ्याचं मिनिमम भरायचं. हे आधी बंद करायला लावलं. आणखी एक माणूस भेटला होता, म्हणे १५,००० आधी द्या, बँकेला भरणं बंद करा, निम्म्यात सेटल करून देतो. नशीब, पैसे दिले नव्हते. सेटलमेंट वाईटच असं मी म्हणत नाही, नोकरी गेली, कमावता माणूस गेला, तिथे तोच मार्ग असतो, पण बँकेशी थेट बोलायचं, लेटरहेडवर रक्कम आणि तारीख लेखी घ्यायची, मगच पैसे भरायचे आणि नंतर नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र. सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदीत, तिथे 'क्लोज्ड'च्या जागी 'सेटल्ड' लागतं आणि पुढे होम लोन मागताना ते आडवं येतं. याचा पगार चालू होता, याला त्याची गरजच नव्हती.

पोलीस घरी येतील का, हे त्याने अगदी हळू आवाजात विचारलं. कार्डाचे पैसे थकले एवढ्यावरून अटक होत नाही, तो दिवाणी मामला आहे, मात्र चेक देऊन तो परत गेला तर कलम १३८ लागतं, तो फौजदारी गुन्हा, म्हणून भीतीपोटी कुणाला चेक लिहून देऊ नकोस असं सांगितलं. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. आधी बँकेला लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, माहितीसाठी १४४४८.

सगळ्यात अवघड काम बायकोला सांगायचं. तिसऱ्या शनिवारी दोघं आले. ती रडली, पण कर्जावरून नाही. म्हणाली, "तीन वर्षं हे गॅलरीत जाऊन फोनवर बोलायचे, मला वेगळंच वाटायचं हो काकू." मग डोळे पुसले, वही स्वतःकडे ओढली आणि आकडे तपासायला लागली. पाटल्यांची गोष्ट तिनेच काढली, मी सुचवलेलं नव्हतं, माहेरच्या सोन्याबद्दल मी आपणहून कधीच बोलत नाही.

बँकेकडून गोल्ड लोन घेतलं, १,४०,०००, व्याज वर्षाला ९ टक्के, म्हणजे महिन्याला १,०५०, त्यावर जीएसटी नाही. त्यात दोन हजार घालून मोठं कार्ड पूर्ण बंद केलं. ८८,००० वाल्या बँकेशी बोलून २४ महिन्यांचा ईएमआय करून घेतला, महिन्याला दीड टक्क्याने साधारण ४,४०० आणि व्याजावरचा जीएसटी. ५५,००० वर महिन्याला ७,०००. सगळं मिळून साडेबारा हजारांच्या आसपास, म्हणजे आधीपेक्षा कमीच भरायचे आणि कर्ज मात्र खरंच उतरायला लागलं. किराणा रोखीने. पहिले दोन महिने फार ओढाताण झाली, नवरात्रात मुलीला मावसबहिणीची चणियाचोळी चालवून घ्यावी लागली, तिने तोंड फुगवलं, मग गेली गरब्याला.

वडील बहात्तरचे, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्डही याच काळात काढून घेतलं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे, तेव्हा ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांनी आधी हे करून घ्या.

दहा महिन्यांनी तिसरं कार्ड संपलं. बंद करायला फोन केला तर पलीकडून नवी ऑफर, लिमिट वाढवून देतो वगैरे. मी लेखी मेल करायला लावला, कारण बाकी शून्य असेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाही केलं तर पुढे रोजचे ५०० ग्राहकाला. पाचव्या दिवशी मेल आला.

पाटल्या अजून बँकेत आहेत. ते ७,००० आता तिकडे वळवलेत, दीड वर्ष तरी लागेल, तारखा बायकोने वहीत लिहून ठेवल्यात. वडिलांना मात्र अजून काही माहीत नाही, ते सांगायचं की नाही हे मी त्याच्यावर सोडलंय. परवा आला होता, फोन टेबलावर सुलटा ठेवला होता, मध्येच वाजला, उचलला आणि "हो बाबा, येताना औषधं आणतो" म्हणाला.