सासूबाई रंगवत बसल्यात, बसू दे

प्रश्न: ताई, आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला राहतो. सासूबाई ७३ वर्षांच्या. आयुष्यभर रोज दारात रांगोळी, दिवाळीत तर अख्खं अंगण भरायच्या, पण दोन वर्षं झाली गुडघे गेले, खाली बसणं बंद झालं आणि रांगोळीचे डबे माळ्यावर गेले. मागच्या महिन्यात माझ्या मुलीची रंगवायची वही त्यांच्या हाती लागली, तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की रंगवत बसतात, हाक मारली तरी ऐकू जात नाही. दीर म्हणतात हा पोरखेळ आहे, आईचं दुसरं बालपण सुरू झालं, त्यापेक्षा पोथी द्या हातात. परवा सासूबाईंनी आकाश चक्क हिरवं केलं, मुलं हसली, आणि त्यांनी वही मिटून ठेवली ती अजून उघडलेली नाही. याचा खरंच काही फायदा असतो का? – एक सून

उत्तर: अगं, आधी ती वही उघडायला लाव, बाकीचं नंतर बोलू.

त्यांची रांगोळी बंद झालीच नव्हती, ती टेबलावर आली एवढंच. चिमटीत रांगोळी धरून रेघ ओढताना अंगठा आणि दोन बोटं जे काम करतात तेच काम पेन्सिल धरताना होतं, आणि या वयात बोटांना असलं बारीक काम रोज मिळत राहिलं तर ब्लाऊजचं हुक लावणं, सुईत दोरा ओवणं, गोळीचं पाकीट फोडणं यासाठी लागणारी सवय टिकते. दुसरं म्हणजे मन. २००५ मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग झाला होता, कुणाला गोल मंडलाचं चित्र दिलं, कुणाला चौकटींची नक्षी, कुणाला नुसता कोरा कागद, आणि वीस मिनिटं रंगवायला सांगितलं. मंडल किंवा चौकटी रंगवणाऱ्यांची धास्ती कोऱ्या कागदवाल्यांपेक्षा जास्त उतरली. ती मुलं तरुण होती हे खरं, पण कारण आपल्याला घरातही दिसतं ना, कोऱ्या कागदासमोर काय काढू हा प्रश्न पडतो आणि नक्षी असली की हात चालू आणि डोक्यातली चक्रं बंद. हाक ऐकू जात नाही ती त्यामुळेच, घाबरू नकोस. (एरवीही ऐकू कमी येत असेल तर मात्र कान दाखवा.) फक्त एक, रंगवल्यानं विसराळूपणाचा आजार टळतो असं फॉरवर्ड येतात त्यावर विसंबू नका, तसं सिद्ध झालेलं नाही.

आता हिरवं आकाश. मला हे वाचून हसू नाही आलं, काळजी वाटली. मोतीबिंदू वाढत जातो तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, निळा रंग आत नीट पोचत नाही, मग निळा-हिरवा यात गोंधळ, गडद निळा आणि काळा तर एकच वाटतात. त्यांनी निळी समजूनच पेन्सिल उचलली असेल बिचारीनं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा या आठवड्यात. ऑपरेशननंतर कितीतरी लोक म्हणतात की निळा रंग इतका निळा असतो हे विसरूनच गेलो होतो. आणि मुलांना सांग आजीची माफी मागा.

दिरांना एवढंच विचार, रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, साठी उलटलेले काका धप्पकन उडी मारतात, त्याला कुणी पोरखेळ म्हणतं का? पोथी वाचायची तेव्हा वाचतीलच की त्या.

एक सुचवते, लहान मुलांची ससा-हत्तीची वही बदल. त्यांची जुनी पैठणी असेल तर काठावरचे मुनिया (म्हणजे पोपट), पदरावरचे मोर, आसावलीची वेल हे नातीला मोठं करून काढायला सांग, जाड ड्रॉइंग पेपरवर, झेरॉक्सच्या पातळ कागदावर नको, स्केचपेन मागं उमटतो. नात काढेल, आजी रंगवेल आणि मुनियाची चोच लालच का हे नातीला त्याच सांगतील. दिवा डाव्या बाजूला ठेव म्हणजे हाताची सावली चित्रावर पडत नाही, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी उठवून चार पावलं चालव.

प्रश्न: मी नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर्ड, वय ६८. मुलानं मंडलाची वही आणि रंग आणून दिले पण नक्षी इतकी बारीक की डोळे दुखतात, बोटंही आखडतात. सोडून द्यावं का? – एक वाचक

उत्तर: काका, छंद सोडू नका, ती वही सोडा. मोठे मोठे आकार असलेली घ्या. पेन्सिल जाड आणि तिकोनी मिळते, मेन रोडला स्टेशनरीवाल्याकडे विचारा, नाहीतर आहे त्याच पेन्सिलीला मऊ कापडाची पट्टी गुंडाळून वर रबर लावा, धरायला कमी जोर लागतो. दाबून रंगवू नका, हलके हलके दोन-तीन थर द्या, रंगावर रंग चढवणं तुम्हाला काय वेगळं सांगायचं. सकाळी बोटं अर्धा-पाऊण तास उघडतच नसतील किंवा सांधे सुजत असतील तर मात्र आधी डॉक्टर, मग पेन्सिल.