स्पर्धेत मनात काय धरून उतरतो याने कामगिरी खरंच बदलते, की या नुसत्या भाषणातल्या गोष्टी?

बदलते. पण 'पॉझिटिव्ह रहा' म्हणतात तशी नाही. माझ्यापुरतं सांगते.

चाळिशीत एअर पिस्तूल शिकायला लागले. अंतर १० मीटर, शॉट ६०, वेळ सव्वा तास. दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. क्लबात सरावाला माझे ६०० पैकी ५५५ च्या आसपास गुण व्हायचे. पहिल्या स्पर्धेला मनाशी ठरवून गेले, आज ५६० करायचेच. अर्ध्या शॉटना २८१ झाले आणि डोक्यात हिशेब सुरू झाला: आता ३० शॉटमध्ये २७९ हवेत. तिथून हात बिघडला. शेवट ५३६ वर.

सगळे वाईट शॉट खाली डावीकडे. उजव्या हाताने मारणाऱ्याचे शॉट तिकडे गेले की कारण बहुतेक वेळा एकच, ट्रिगर हिसकला. साइट (नेम धरायची खूण) क्षणभर नीट जुळते, मन म्हणतं 'आत्ता!' आणि बोट झडप घालतं. दहा हवेत ही इच्छाच दहा घालवते. (स्वयंपाकातही तेच. पाहुण्यांसमोर पोळी फुगलीच पाहिजे म्हटलं की हमखास फाटते.)

सरांनी फार उपदेश केला नाही. कागद उलटा लावला. कोरा पांढरा, काळा गोल नाही, आकडे नाहीत. म्हणाले, "पुढची साइट स्वच्छ दिसू दे, बोट सावकाश मागे. बाकी काही ठरवायचं नाही." महिनाभर आठवड्यातून दोनदा हेच. चिडचिड व्हायची, पण भोकं एकमेकांजवळ येत गेली. ५६० माझ्या हातात नव्हतेच, बोट होतं.

धडधड मात्र जात नाही, ती घालवायच्या मागेही लागू नका. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने) कांस्य जिंकलं, तेव्हा त्यानेही सांगितलं होतं की छाती धडधडत होती. श्वासावर लक्ष ठेवलं, वेगळं काही करायला गेला नाही. गुडघ्यावर बसून मारायच्या पहिल्या टप्प्यानंतर तो मागे होता, उभ्याने मारताना वर आला. अर्थात त्यामागे कित्येक वर्षांचा सराव होता. तो नसेल तर मनाचा निर्धार काय करणार!

परवाच्या स्पर्धेत माझे ५४९ झाले. ४१व्या शॉटला बेरीज केलीच मी. पिस्तूल खाली ठेवलं, पाणी प्यायले, पुन्हा उचललं.