तेच नाव, नवी माणसं: ‘टॉप गिअर’वर तुमची पत्रं

मागच्या अंकात बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या गाड्यांवरच्या टीव्ही शोबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की जेरेमी क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड आणि जेम्स मे हे जुने तिघं गेल्यावर जे होस्ट आले त्यांना आपण प्रेक्षकांनी वेळच दिला नाही. त्यावर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं, काही रागावलेली, काही फार प्रेमाने लिहिलेली. सगळी छापता येत नाहीत म्हणून निवडक पाच घेतेय.

ताई, मी हा शो बघायला लागलो तोच पॅडी मॅकगिनेस, फ्रेडी फ्लिंटॉफ आणि ख्रिस हॅरिस यांच्यापासून, मला ते तिघं जाम आवडतात. पण बाबा म्हणतात ही सगळी नक्कल आहे, खरा शो जुन्या तिघांचाच. बाबांना काय सांगू? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक)

बाबांना सांग की ते ज्याला ओरिजिनल म्हणतायत तोच मुळात रीमेक आहे. टॉप गिअर सुरू झाला १९७७ मध्ये, बर्मिंगहॅमच्या पेबल मिल स्टुडिओतून, आणि तेव्हा तो अगदी साधा माहितीचा कार्यक्रम होता, कुठली गाडी घ्यावी, ॲव्हरेज किती देते, रस्त्यावर सुरक्षित कसं चालवावं वगैरे. सुरुवातीच्या होस्टमध्ये अँजेला रिपन होत्या, बातम्या देणाऱ्या. क्लार्कसन आला १९८८ मध्ये, १९९९ ला सोडून गेला, आणि २००१ मध्ये बीबीसीने शोच बंद केला. मग क्लार्कसन आणि त्याचा प्रोड्युसर अँडी विलमन यांनी नवीन कल्पना नेली, डन्सफोल्डच्या जुन्या विमानतळावरचा ट्रॅक, स्टुडिओत उभे असलेले प्रेक्षक, हेल्मेटमागे चेहरा लपवणारा ड्रायव्हर ‘स्टिग’, साध्या सुझुकी लियानामध्ये लॅप मारणारे सेलिब्रिटी, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये तेच नाव घेऊन दुसराच शो सुरू झाला.

आणि बाबांना हे पण विचार की त्या पहिल्या सीझनमध्ये तिसरा माणूस कोण होता. जेम्स मे नव्हता! जेसन डॉव होता, तो सेकंडहँड गाड्यांबद्दल सांगायचा. मे आला २००३ मध्ये. म्हणजे ज्या त्रिकुटाची आपण शपथ घेतो ते सुद्धा पहिल्या फटक्यात जमलेलं नाही, एक माणूस बदलावा लागला, मग हळूहळू एकमेकांची सवय झाली, कोण चिडतो, कोण रस्ता चुकतो, कोण हळू चालवतो हे आपल्याला पाठ झालं. मैत्री अशी कास्टिंग करून मिळत नाही, ती शूटिंगच्या उन्हापावसात होते, आणि तिला दोनतीन वर्षं लागतातच. त्या तिघांना आपण ती दिली, पुढच्यांना पहिल्या रविवारीच नापास केलं. माझं म्हणणं एवढंच आहे.

बाबांबरोबर बसून एक एपिसोड नक्की बघ, २०२१ चा, ज्यात नवे तिघं आपापल्या वडिलांकडे असायची तशा गाड्या घेऊन फिरायला निघतात. हॅरिसचे वडील हयात नाहीत आणि त्याला शेवटी त्यांचीच जुनी बीएमडब्ल्यू समोर आणून दाखवतात. एवढा गाड्या कोळून प्यायलेला माणूस, रोज सुपरकार चालवणारा, तो त्या जुन्या गाडीपाशी रडला. मला आमची फियाट आठवली, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, थंडीत चोक ओढून धरलेली पप्पांची दोन बोटं आणि तापलेल्या रेक्झिनचा वास. पप्पा गेल्यावर ती आम्ही विकली, आज कुठे असेल माहीत नाही. तो सीन मी दोनदा बघितला आणि दोन्ही वेळा पाणी आलं डोळ्यात. याला कोणी नक्कल म्हणू नये.

मी वीस वर्षं गॅरेज चालवतो. मॅडम, ख्रिस इव्हान्सला का घेतलं हेच कळलं नाही, नुसता ओरडायचा. गाडी समजणारा त्यात एकटा हॅरिस. (कोल्हापूर)

तुमचं पटतं मला, पण अर्धंच. मार्च २०१५ मध्ये क्लार्कसनने यॉर्कशायरच्या हॉटेलात गरम जेवण मिळालं नाही म्हणून शोच्या दुसऱ्या एका प्रोड्युसरवर हात उचलला, बीबीसीने त्याचा करार वाढवला नाही (आणि मी त्याची कितीही फॅन असले तरी ते बरोबरच केलं, सोबत काम करणाऱ्यावर हात टाकलेला चालत नाही), बाकीचे दोघं आणि विलमनही त्याच्याबरोबर गेले. इव्हान्स मे २०१६ मध्ये आला तो या एवढ्या मोठ्या सावलीत. तो रेडिओचा माणूस, गाड्यांचा मोठा शौकीन, पण स्टेजवर उभा राहिला की क्लार्कसनच्या चालीवर बोलायचा, वरच्या पट्टीत, आणि प्रेक्षकाला ते लगेच खटकतं, दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखं. पहिल्या एपिसोडला ४४ लाख लोक बसले होते, सीझनच्या शेवटी १९ लाखांवर आलं, आणि जुलैमध्ये त्याने स्वतःच राजीनामा दिला. त्याच्यावर टीका झाली ती मात्र प्रमाणाबाहेर होती, माणूस निघून गेल्यावर सुद्धा थांबेनात लोक.

इव्हान्सबरोबर होस्ट म्हणून आलेला मॅट लब्लांक, म्हणजे ‘फ्रेंड्स’मधला जोई, त्याच्याबद्दल सगळ्यांना शंका होती. पण २०१२ मध्ये तो पाहुणा म्हणून येऊन किया सीडमध्ये भन्नाट लॅप मारून गेला होता, गाडी त्याला येत होती. शांत बोलायचा, आव आणायचा नाही, ते मला फार बरं वाटायचं. रोरी रीड तर ओपन ऑडिशनमधून आला, लोकांनी पाठवलेल्या व्हिडिओंमधून निवडलेला. या दोघांचं पत्रांमध्ये कुणी नाव सुद्धा काढलेलं नाही म्हणून मुद्दाम लिहितेय.

आणि सबीन श्मिट्झ! तुम्ही गॅरेजवाले आहात, तुम्हाला ती माहीत असणारच. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या रेस ट्रॅकजवळच वाढलेली, तिथली २४ तासांची रेस १९९६ आणि १९९७ अशी लागोपाठ जिंकलेली. क्लार्कसनने जग्वार डिझेलमध्ये तो वीस किलोमीटरच्या वरचा ट्रॅक जेमतेम ९ मिनिटं ५९ सेकंदांत मारला आणि कोण खूश झाला, मग तिने तीच गाडी घेतली आणि ९ मिनिटं १२ सेकंद. पुढे ती चक्क फोर्ड ट्रान्झिट घेऊन उतरली, आपल्याकडे भाजी नाहीतर फर्निचर नेतात तसली व्हॅन, आणि १० मिनिटं ८ सेकंदांत आली. व्हॅन वळणावर झुकतेय, ती हसत हसत समोरच्या बाइकवाल्यांना नावं ठेवतेय आणि हात स्टिअरिंगवर एकदम हलके. एवढी ताकदीची बाई होस्टच्या टीममध्ये घेतली आणि तिला एपिसोडमध्ये पुरेसं काम दिलं नाही, हा माझा त्या सीझनवरचा खरा राग आहे. मार्च २०२१ मध्ये कॅन्सरने गेली ती. हॅरिस उत्तमच आहे हो, आडवी जाणारी गाडी धरून ठेवत कॅमेऱ्याशी शांतपणे बोलणं येरागबाळ्याचं काम नाही, पण गाडी समजणारा तो एकटा नव्हता.

मी १५ वर्षं इंग्लंडमध्ये आहे, मुलं हा शो बघत मोठी झाली. फ्रेडीचं बघून वाटतं आता परत सुरूच करू नये. तुम्हाला काय वाटतं ताई? (लेस्टर)

फ्लिंटॉफ म्हटलं की आपल्या पिढीला आधी वानखेडे आठवतं, फेब्रुवारी २००२, मॅच जिंकून शर्ट काढून पळत सुटलेला, मग जुलैमध्ये लॉर्ड्सच्या बाल्कनीत गांगुलीने दिलेलं उत्तर. आणि २००६ मध्ये त्याच वानखेडेवर कॅप्टन म्हणून टेस्ट जिंकून गेला. आपल्या विरुद्ध खेळला तरी त्याच्यावर राग धरता आला नाही. तोच माणूस डिसेंबर २०२२ मध्ये डन्सफोल्डला मॉर्गनची उघडी तीनचाकी गाडी चालवत होता, ती उलटली आणि चेहरा रस्त्यावर घासत गेला, आणि त्यानंतर शो थांबला. पुढे स्वतःच्या डॉक्युमेंटरीत तो हे बोलला आहे, ते बघवत नाही. मी पंधरा मिनिटांनी बंद केली आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण केली.

याआधी २००६ मध्ये हॅमंड जेट इंजिनच्या गाडीत ताशी ४६० किलोमीटरच्या आसपास असताना पुढचं टायर फुटून उलटला होता, वाचला, परत आला, स्टुडिओत टाळ्या झाल्या, आणि मला वाटतं आपण सगळे तिथेच चुकलो, आपल्याला वाटायला लागलं की ही माणसं वाचतातच. हॅरिसने २०२४ मध्ये एका पॉडकास्टवर सांगितलं की त्याने अपघाताआधी वरच्यांना सावध केलं होतं, असंच चाललं तर कुणाला तरी गंभीर इजा होईल. हे ऐकून माझं डोकं फिरलं. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर, परत सुरू करायला माझी हरकत नाही पण दरवर्षी आधीपेक्षा मोठा स्टंट हवाच हा हट्ट सोडून. फ्रेडीला मेट्रो गाडीत बसवून धरणावरून बंजी करायला लावली होती, तेवढ्या पूर्ण एपिसोडपेक्षा हॅरिसच्या वडिलांच्या गाडीची पाच मिनिटं जास्त लक्षात राहतात.

तुम्ही एवढं कौतुक करता, इंडिया स्पेशलमध्ये आपला अपमान केला ते विसरलात का? (ठाणे)

नाही विसरले. डिसेंबर २०११ मध्ये दाखवला तो एपिसोड, क्लार्कसनच्या जग्वारच्या डिकीवर संडास बसवला होता आणि आपल्या लोकांच्या पोटाबद्दल जे काही बोलला ते चीड आणणारंच होतं, लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयाने तक्रार केली ती योग्यच केली. ते लाडके होते म्हणून मी ते झाकणार नाही. पण त्याच एपिसोडची मुंबई सुद्धा आठवा, आपल्या डबेवाल्यांशी शर्यत लावून तिघं डबे गाडीतून पोचवायला निघाले आणि लोकलने जाणाऱ्या डब्यांपुढे त्यांचं काही चाललं नाही. पांढरी टोपी, डोक्यावर पाटी, कुठेही धावपळ नाही आणि डबा वेळेवर. माझा मामा वीस वर्षं चर्चगेटच्या ऑफिसात तो डबा खायचा, कधी चुकला नाही म्हणायचा, त्यामुळे तो भाग बघताना मला फार अभिमान वाटला.

नवीन माणसाने कुठून सुरुवात करावी? (गृहिणी, सांगली)

जुन्यातला २००३ चा टोयोटा हायलक्सचा भाग घ्या. जुनी डिझेल पिकअप समुद्राच्या भरतीत बुडवतात, आग लावतात, शेवटी पाडायच्या इमारतीच्या गच्चीवर ठेवून इमारतच पाडतात, आणि दर वेळी मेकॅनिक साध्या पान्यांनी, एकही नवा पार्ट न टाकता ती परत चालू करतो. ढिगाऱ्यातून काढल्यावर चेसिस वाकलेली, टप चेपलेलं, आणि चावी फिरवल्यावर ते इंजिन धडधडतं ना, तो आवाज हेडफोन लावून ऐका. मग लगेच २०२१ चा वडिलांच्या गाड्यांचा. मधले काही नाही बघितले तरी चालेल. तुमच्या घरात जुनी गाडी उभी असेल तर हा दुसरा एपिसोड घरच्यांबरोबर बघा, आणि कसा वाटला ते मला जरूर कळवा.