झोपेसाठी गांजाची गमी: दोन वर्षं घेतली, मग सोडली

तुमचे प्रश्न दोन आहेत. नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी तेच मांडते. कॅनडात येऊन आठ महिने झाले, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, ऑफिसातला एक जण म्हणाला 'झोपायच्या आधी एक गमी घे, सकाळपर्यंत हलणार नाहीस', तर ही गमी, म्हणजे गांजाचा अर्क घातलेली चघळायची मऊ गोळी, घ्यावी का? आणि डिसेंबरात साताऱ्याला जाताना आईसाठी एक पाकीट नेता येईल का, कारण तिलाही कित्येक वर्षं धड झोप नाही.

दुसऱ्याचं उत्तर 'नाही'. का ते खाली लिहिते. पहिल्याचं उत्तर लांबेल, कारण मी स्वतः जवळपास दोन वर्षं गमी खाऊन झोपले आहे. मी डॉक्टर नाही. हा माझा अनुभव, आणि त्यापायी जे वाचावं लागलं ते.

मी टोरांटोजवळ मिसिसागात राहते. नोकरी अशी की महिन्यातला एक आठवडा रात्री फोन वाजला की लॅपटॉप उघडायचा. फोन वाजायचा दोनदाच, पण वाजेल वाजेल म्हणून जाग सातही रात्री. मग ती सवय उरलेल्या तीन आठवड्यांनाही चिकटली. जायफळ घातलेलं दूध झालं, तळपायांना तूप लावून काशाची वाटी झाली, मेलाटोनिन, म्हणजे झोपेच्या संप्रेरकाची गोळी, तीही झाली. (जायफळाबद्दल एक सांगते: पुरणपोळीनंतर येणाऱ्या झोपेचं श्रेय आपण सगळं जायफळाला देतो, त्या चार पोळ्यांना आणि वाटीभर तुपाला कुणीच देत नाही.) शेवटी एका मैत्रिणीने गमी सुचवली.

इथे 17 ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर आहे, खाण्याचे पदार्थ त्यानंतर वर्षाने आले. ऑन्टारिओत, म्हणजे आमच्या प्रांतात, वय 19 पूर्ण हवं. पाकीट अगदी साधं, त्यावर पिवळ्या चौकटीत इशारा आणि लाल अष्टकोनात पानाचं चित्र. एका पाकिटात टीएचसी जास्तीत जास्त 10 मिलिग्रॅम, म्हणजे बहुतेक वेळा पाच-पाचच्या दोन गम्या. टीएचसी म्हणजे ज्याने नशा चढते ते. सीबीडी हे गांजातलंच दुसरं द्रव्य, त्याने नशा चढत नाही. आणि 'रात्रीसाठी खास' म्हणून ज्यात सीबीएन हे गांजातलं तिसरं द्रव्य घालतात त्या गमीमागे जाहिरात भरपूर आणि पुरावा तोळाभर.

पहिल्या रात्री मी अर्धी खाल्ली. तासाभराने पाय जड झाले, डोक्यातली चक्की थांबली, आणि डोळे उघडले ते थेट साडेसहाला. कूस बदललेलीसुद्धा आठवत नव्हती. म्हणून 'याने झोप लागते का' असं कुणी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. लागते. सुरुवातीला तर फारच छान लागते.

आता दुसरी बाजू. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एका शनिवारी घरी पाहुणे होते, जेवण जड झालं. साडेदहाला एक गमी खाल्ली. सव्वाअकरा झाले तरी काही होईना, म्हणून दुसरी तोंडात टाकली. गमी ओढलेल्या धुरासारखी लगेच चढत नाही. ती आधी पोटात जाते, तिथून यकृतात, आणि यकृत त्या टीएचसीचं आणखी एक जोरकस रूप तयार करतं. असर दिसायला अर्धा तास ते दोन तास लागतात, पोट भरलेलं असेल तर आणखी उशीर. बाराच्या सुमाराला दोन्ही गम्या एकदम अंगावर आल्या. मी न्हाणीघराच्या फरशीवर बसले होते, कारण ती गार होती. छातीत इतकं धडधडत होतं की कानात ऐकू येत होतं. समोरच्या टाइल्स मोजत होते, आडव्या सात, उभ्या किती ते दर वेळी विसरायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. नवरा दाराबाहेर विचारतोय 'बरं वाटत नाहीये का?', आणि मला त्याला उत्तर द्यायला किती वेळ लागला ते कळत नव्हतं. तो म्हणाला दहा सेकंद. मला वाटलं होतं अर्धा तास. जिवाला धोका नव्हता, पण त्या वेळी ते मला कुणी पटवून देऊ शकलं नसतं. तुम्ही घेतलीच तर अडीच मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका, आणि त्याच रात्री दुसरी घेऊ नका. दारूबरोबर तर मुळीच नको.

पण ही फजिती किरकोळच. खरी गोम पुढे आहे.

अर्ध्या गमीची एक झाली, एकीच्या दोन. आठ-नऊ महिन्यांनी मी रोज रात्री अख्खं पाकीट खात होते आणि तरीही तीनला जाग येत होती. आपल्या मेंदूत गांजासारखंच काम करणारं एक द्रव्य मुळातच असतं. जेरुसलेममध्ये राफेल मेशुलाम या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेने 1992 साली ते शोधलं आणि नाव ठेवलं आनंदामाइड, आपल्या संस्कृत 'आनंद'वरून. ते जिथे जाऊन बसतं त्याच जागा टीएचसी बळकावतं. रोज रोज बाहेरून माल येतोय म्हटल्यावर मेंदू त्या जागा कमी करतो, मग तेवढ्याच डोसाने भागेनासं होतं. याच काळात माझी स्वप्नं पडायची बंद झाली. तेव्हा मला ते बरंच वाटलं होतं. टीएचसी स्वप्नांची झोप, डॉक्टर जिला रेम म्हणतात ती, दाबून टाकतं. ती झोप बुडत नाही, उधारीवर राहते.

मग तीन आठवड्यांसाठी नाशिकला गेले. गमी अर्थातच नेली नाही. वेळ बदलल्यामुळे पहिल्या दोन रात्री झोप येणार नाही हे धरलेलंच होतं. पण तिसऱ्या रात्री घामाने उशी भिजली, जेवण जाईना, कुणी हाक मारली तरी अंगावर जायचे. आईने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. आणि स्वप्नं! बारावीचा गणिताचा पेपर, पण प्रश्नपत्रिका माझ्याच ऑफिसच्या एरर मेसेजची. आजोबांच्या वाड्यात पाणी शिरलंय आणि मी फणसाच्या खोडाला धरून उभी. रोज रात्री असे तीन-तीन खेळ. सगळी थकबाकी एकदम वसूल होत होती.

परत आल्या आल्या त्याच रात्री गमी खाल्ली. वीस मिनिटांनी डोळे मिटले. (वीस मिनिटांत गमीचा असर सुरूसुद्धा होत नाही हे तेव्हा लक्षातच आलं नाही. नुसत्या 'आता मिळाली' या दिलाशाने झोपले असणार.) मी नवऱ्याला म्हटलं, 'बघ, मला खरंच हिची गरज आहे. नसली की माझे काय हाल होतात पाहिलेस ना.'

हे वाक्य तुम्ही नीट वाचा, कारण या एका वाक्यापायी माझं पुढचं वर्ष गेलं. नाशिकला जे झालं तो माझा जुना निद्रानाश नव्हताच. जुन्या निद्रानाशात मला कधी घाम आला नव्हता, भूक गेली नव्हती. ते गमी सुटल्यावरचे हाल होते. मनोविकारांच्या निदानाचं जे अमेरिकन पुस्तक डॉक्टर वापरतात त्यात 2013 पासून याची नोंद आहे: सुटल्यावर एक-दोन दिवसांत सुरू, पहिल्या आठवड्यात कडेलोट, साधारण दोन आठवड्यांत उतार, स्वप्नं मात्र त्याहून जास्त दिवस रेंगाळतात. रोज घेणारा माणूस सोडून बघतो, तिसऱ्या रात्री तळमळतो, आणि 'मूळ आजार परत आला' म्हणून पुन्हा पाकीट उघडतो. मूळ आजार किती उरलाय हे बघण्याइतके दिवस तो कधी थांबतच नाही. हे मला फॅमिली डॉक्टरने समजावलं, आणि तेही मी सगळं खरं सांगितल्यावर. आधीच्या दोन भेटींत मी गमीचं नाव काढलं नव्हतं. इथे लाजायचं कारण नाही, तुम्ही मात्र पहिल्याच भेटीत सांगा.

दुसऱ्यांदा सोडली ती दर चार-पाच दिवसांनी थोडी कमी करत, आणि बरोबर झोपेची वर्तनचिकित्सा घेतली. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला सीबीटी-आय म्हणतात. जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय हाच, गोळी नंतर, असं अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने 2016 साली सांगितलेलं आहे. ऐकायला ती उलटी वाटते. मी अंथरुणात आठ तास असायचे आणि झोपायचे साडेपाच. तर मला सांगितलं, अंथरुणात साडेपाचच तास राहायचं. पाऊणला आडवं व्हायचं, सव्वासहाला गजर, शनिवार-रविवारसुद्धा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं. पहिले दहा दिवस मी रात्री अकराला सोफ्यावर पेंगत मेथी निवडायचे, कारण वाचायला घेतलं की डोळे मिटत. चौथ्या आठवड्यात पाऊणला पाठ टेकली की झोप. मग पंधरा-पंधरा मिनिटं वाढवत नेलं. आता सहा-साडेसहा तास मिळतात. मधूनच एखादी रात्र फुकट जाते, तिचं काही करत नाही. चिकित्सक महाग पडत असेल तर अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने काढलेलं 'इन्सोम्निया कोच' नावाचं ॲप फुकट आहे, त्यात हीच पद्धत आहे. फिट्स येत असतील किंवा रात्रपाळीत गाडी चालवायची असेल, तर झोपेचे तास कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही सहज लिहून गेलात की रोज रात्री साडेअकराला आईला व्हिडिओ कॉल करता, कारण तेव्हा तिकडे सकाळचे दहा असतात. तासभर उजेड डोळ्यात, घरच्या कटकटी कानात, आणि साडेबाराला झोप यायला हवी ही अपेक्षा! तो कॉल आपल्या सकाळी साताला करा, तिकडे संध्याकाळचे साडेपाच असतात. गमीचा विचार त्यानंतर.

बायको म्हणते तुम्ही घोरता, हेही लिहिलंय. घोरता घोरता श्वास अडकतो का, सकाळी डोकं जड असतं का, हे तिला विचारा. तसं असेल तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची, तपासणी करून घ्या, इथे डॉक्टरने चिठ्ठी दिली की ती ओहिपमध्ये, म्हणजे प्रांताच्या सरकारी आरोग्यविम्यात होते. ॲप्नियावर गांजा वापरू नये असं अमेरिकन निद्रातज्ज्ञांच्या अकादमीने 2018 साली स्पष्ट सांगितलं आहे. श्वास अडकल्यामुळे जाग येत असेल तर जाग बंद करणं हा इलाज होत नाही. घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर टीएचसीच्या वाटेला जाऊच नका.

आणि तुम्ही जीटू, म्हणजे पक्क्याच्या आधीच्या टप्प्यातल्या लायसन्सवर आहात. ऑन्टारिओत नवशिक्या चालकांना गांजाच्या बाबतीत शून्य मोकळीक आहे, तपासणीत काही निघालं तर लायसन्स निलंबित होतं. रात्री अकराला खाल्लेली गमी सकाळी सातला पूर्ण उतरलेली असेलच असं नाही. मला स्वतःला दहापर्यंत डोक्यात धुकं असायचं. सीमेपलीकडे बफेलोला खरेदीला जाताना अमेरिकेच्या अधिकाऱ्याने गांजाबद्दल विचारलं आणि तुम्ही 'हो, घेतो' म्हणालात, तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. तिथे केंद्राच्या कायद्याने तो अजून गुन्हा आहे. खोटं बोलणं त्याहून वाईट. न घेणं सोपं.

आता आई. कॅनडातून गांजाचा कुठलाही पदार्थ देशाबाहेर नेणं हा इथलाच गुन्हा आहे, तिकडे पोचायच्या आधीच. भारतात 1985चा अंमली पदार्थांचा कायदा. त्यात गांजा आणि चरस बसतात, नुसती पानं आणि बिया वगळल्या आहेत, म्हणून भांग वेगळी. पण तुमची गमी अर्काची, ती वगळलेल्यात येत नाही. आणि महाराष्ट्रात भांगेलाही 1949च्या दारूबंदी कायद्याने परवाना लागतो, त्यामुळे 'उत्तरेत तर दुकानात मिळते' हा मुद्दा साताऱ्यात चालणार नाही. 'आयुर्वेदात आहेच की' असं खाली कुणीतरी लिहिणार, म्हणून आधीच सांगते. आहे. विजया नावाने आहे, आणि उपविषांच्या यादीत आहे. शोधन, म्हणजे शुद्धीकरण, केल्याशिवाय वापरायची नाही, आणि औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीतही तिचं नाव आहे. जातिफलादि चूर्णात ती असते, पण ते चूर्ण मुख्यतः पोटाच्या तक्रारींवर देतात. विजयाचं तेल वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतं. ते द्यायचं का हे समोर बसून नाडी बघणाऱ्या वैद्याने ठरवावं, मिसिसागातून मी नाही आणि तुम्हीही नाही.

शिवाय तुमच्या आईंना बीपीची गोळी चालू आहे. टीएचसीने नाडी वाढते, आणि उठून उभं राहताना बीपी पडू शकतं. सत्तरीतली बाई रात्री लघवीला उठली, चक्कर आली, खुब्याचं हाड मोडलं, की पुढचं सगळं तुम्हाला इथून फोनवर निस्तरावं लागेल. सीबीडीच्या तेलात नशा नसली तरी ते रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधांशी खेळ करतं. साताऱ्याला गेलात की आधी त्यांच्या गोळ्यांचा डबा उघडून बघा. झोपेची म्हणून कुणीतरी कधीकाळी दिलेली क्लोनाझेपाम अजून चालू आहे का? असेल तर ती एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू. संध्याकाळी पाचचा चहा आणि दुपारची दोन तासांची झोपही मोजा. माझ्या आईच्या निद्रानाशाचा निम्मा भाग त्या दुपारच्या झोपेत निघाला.

सहकाऱ्याने पाकीट हातात दिलंच असेल आणि घरात मूल असेल, तर ते खाऊच्या कप्प्यात ठेवू नका, कुलुपात ठेवा. गमी मुलांना खाऊच्या गोळीसारखीच दिसते. मी ते पापडाच्या डब्यात लपवायचे आणि फार सुरक्षित समजायचे, एक दिवस लेक पापड भाजायला घेऊन आली तोवर.

बायकोला विचारून घोरण्याचं काय ते लिहा, मग पुढचं बोलू.