पत्रा कापणारा लेझर आणि मिथेनॉलचा थेंब

प्रश्न : अंबड एमआयडीसीत आमचा 2 किलोवॉटचा फायबर लेझर दिवसभर पत्रा कापतो. टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) शास्त्रज्ञांनी फक्त 2 मिलिज्यूलच्या लेझरने मिथेनॉलच्या थेंबातून 10 लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं एकक) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन मिळवले, असं वाचलं. आमच्या मशीनला हे का जमत नाही? आणि थेंबच कशाला?
– लेझर ऑपरेटर, नाशिक

उत्तर : प्रश्न फार आवडला. रोज मशीनवर हात असणाऱ्यालाच तो पडू शकतो.

टीआयएफआरच्या त्या लेझरचे सेकंदाला हजार स्पंद (पल्स, म्हणजे प्रकाशाचे क्षणिक झटके) धरले, तरी सरासरी शक्ती भरते 2 वॉट. तुमचं मशीन हजारपट दणकट! पण ते 2 मिलिज्यूल जेमतेम 25 फेम्टोसेकंदांत बाहेर पडतात. सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग करा, त्यातले 25. तेवढ्या क्षणापुरती शक्ती जाते 80 अब्ज वॉटवर, म्हणजे आपल्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या 630 मेगावॉटच्या शंभरपटीहून जास्त. स्पंदाची ताकद अशीच वाढवत नेली तर लेझरचा स्फटिकच जळेल. म्हणून तो आधी लांबवतात, वाढवतात आणि शेवटी पुन्हा दाबतात. ही युक्ती 1985मध्ये डोना स्ट्रिकलंड आणि जेरार्ड मुरू यांनी दाखवली. 2018चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

आता थेंब. त्याचा व्यास सुमारे 15 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि 25 फेम्टोसेकंदांत प्रकाश जातो साडेसात मायक्रॉन. म्हणजे अख्खा स्पंद थेंबाच्या निम्म्याच जाडीचा! आधी एक हलका स्पंद थेंबावर पडतो. थेंब खोलगट होतो, भोवती विरळ प्लाझ्मा, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू, पसरतो. मागून मुख्य स्पंद येतो आणि त्या प्लाझ्मात विद्युत लाटा उसळवतो. काही इलेक्ट्रॉन या लाटांवर स्वार होऊन प्रकाशाच्या 94 टक्के वेगाने सुटतात. एरवी एवढ्या ऊर्जेसाठी साधारण शंभरपट तीव्र लेझर लागतो. आधी थेंबाला आकार द्यायचा आणि मग घाव घालायचा, ही कल्पना मला विलक्षण सुंदर वाटते.

धातूच्या पत्र्यावर एका स्पंदात खड्डा पडतो, पुढच्या स्पंदासाठी पत्रा सरकवावा लागतो. थेंब मात्र नोझलमधून येतच राहतात, दर स्पंदाला कोरा. माझ्या मते या प्रयोगाचं खरं मोल इथे आहे.

तुमच्या शॉपमध्ये मात्र असलं काही करून पाहू नका. हे सगळं निर्वात पेटीत चालतं, आणि असे इलेक्ट्रॉन धातूवर आदळले की एक्स-रे निघतात. तुमच्या मशीनची काच आणि पत्र्याचं कव्हर ते अडवणार नाहीत.